पांढरी कोंबडी आणि मुंबईचा रक्तगट

कोंबडीचे पांढरेपण एका कारणाचे नसते. पांढरी लेगहॉर्न आणि पांढरी वायनडॉट शेजारी ठेवल्या तर तुऱ्यावरून जात कळते, पिसांवरून नाही. लेगहॉर्नचा एकेरी तुरा कोंबडीत एका बाजूला कलंडतो, वायनडॉटचा डोक्यालगत चपटा बसतो. पिसे दोन्हींची सारखीच पांढरी.

लेगहॉर्नमधला पांढरा जनुक प्रभावी आहे. त्याची एक प्रतही काळा रंग अडवते, पण तांबड्यापुढे तो कमी पडतो. म्हणून तांबड्या जातीशी संकर केल्यास पांढऱ्या पिसांत तांबूस झाक येते, काळ्या जातीशी केल्यास एखादा काळा ठिपका राहतो. वायनडॉटमध्ये दोष टायरोसिनेज या विकराच्या जनुकात आहे. हा अप्रभावी पांढरा. दोन्ही प्रती सदोष असल्या तरच दिसतो. डोळे मात्र गडदच राहतात.

या दोन जातींच्या संकराची पहिली पिढी पांढरीच निघते. ती पिढी आपसांत लावली की दर सोळा पिल्लांत सरासरी तीन रंगीत येतात. रंग नव्याने येत नाही. लेगहॉर्नच्या पांढऱ्याखाली बहुधा काळा आणि पट्टेदार रंग दडलेलाच असतो. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे जनुकशास्त्रज्ञ बेटसनने 1902 मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवले होते. पुढे सहकारी पनेटसोबत त्याने दोन पांढऱ्या वाणांच्या संकरातून रंगीत पिल्लेही मिळवली.

एका जनुकाने दुसऱ्याला असे झाकणे माणसाच्या रक्तातही सापडले, तेही मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि लंडनचे सहकारी यांचा त्यावरचा लेख 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तगट ठरवणारी ए आणि बी ही द्रव्ये ‘एच’ या पायावर बांधली जातात. एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर ए किंवा बी जनुक असूनही चाचणीत माणूस ‘ओ’ ठरतो. त्याला साधे ओ रक्तही चालत नाही, कारण त्याच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंड असतात. अपत्यात मात्र हा दडलेला ए किंवा बी पुन्हा दिसू शकतो.

परळमध्ये 1886 पासून मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगटांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही. अभ्यासक्रमांनी कोंबडी पशुवैद्यकाकडे आणि रक्तगट मानवी वैद्यकाकडे वाटून दिला. झाकण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे, तो एकत्र शिकवला तर विद्यार्थ्यांना लवकर उमगेल.

पैदासकारानेही पिसांवर विसंबू नये. पांढरा कोंबडा शुद्ध काळ्या जातीच्या कोंबड्यांवर सोडावा. पिल्ले रंगीत निघाली तर पांढरा अप्रभावी. सगळी पांढरी, क्वचित काळ्या ठिपक्यांची निघाली तर प्रभावी. अर्धी-अर्धी निघाली तर कोंबड्यात प्रभावी जनुकाची एकच प्रत आहे. प्रत्येक पिल्लाच्या पायात क्रमांकाचे कडे घालून ही नोंद वहीत ठेवावी. जातिवंतपणाचा दाखला वंशावळीची वही देते, पिसारा नव्हे.