विकतचा पैलवान आणि फुकटचा मार

मंडळी, आधीच सांगून ठेवतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या हॉस्टेलचाच आहे.

गेल्या फेस्टला कॉमन रूममध्ये टेकन ७ ची स्पर्धा झाली. माझा रूम पार्टनर सेमी-फायनलला पोहोचला. तिथे समोरच्याने लीरॉय स्मिथ निवडला. हा लीरॉय मूळ गेममध्ये नाही, वेगळे पैसे देऊन डाउनलोड करावा लागतो. पार्टनर दोन मिनिटांत आउट! रात्री मेसमध्ये तो एवढंच म्हणाला, "हरल्याचं काही नाही रे, पण मी कशाने मार खाल्ला तेच कळलं नाही." तेव्हापासून आमच्या विंगमध्ये दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते ही सरळ चीटिंग आहे. दुसरी म्हणते, पैसे मोजलेत तर वापरणारच ना! यंदा स्पर्धा घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून जरा खोलात शिरलो.

आधी कंपनीची बाजू ऐकू. पूर्वी सगळं एकदाच विकत मिळायचं आणि आता लुटतात, असं आपल्याला वाटतं. पण १९९१ साली स्ट्रीट फायटर टू आला, १९९२ मध्ये त्याची चॅम्पियन एडिशन आली, १९९३ मध्ये सुपर स्ट्रीट फायटर टू. या शेवटच्यात चार नवीन पात्रं होती. घरी खेळणाऱ्याला ती हवी असतील तर अख्खी नवी कार्ट्रिज घ्यावी लागायची. त्या मानाने आज एकच पात्र सुटं मिळतं, हे स्वस्तच म्हणायचं. शिवाय गेम आल्यावर पुढे कित्येक वर्षं दुरुस्त्या चालू असतात, त्यांचा खर्च कुठून तरी निघायला हवाच.

अर्थात कंपन्यासुद्धा काही साध्या नाहीत. २०१२ मध्ये स्ट्रीट फायटर एक्स टेकन आला, तेव्हा १२ पात्रं डिस्कवरच होती पण कुलूपबंद. म्हणजे लाडवाचा डबा तुम्ही विकत घेतलात, आणि किल्लीचे पैसे वेगळे! लोक भडकले ते बरोबरच होतं.

आता मुख्य आरोप: विकतचं पात्र जास्त ताकदवान असतं. लीरॉय डिसेंबर २०१९ मध्ये आला. लगेच जानेवारी २०२० मध्ये जपानच्या ईव्हो स्पर्धेत टेकनच्या शेवटच्या आठ जणांत सहा जण लीरॉय घेऊन खेळत होते. नंतर कंपनीने त्याची ताकद कमी केली. स्मॅश ब्रदर्सच्या वी यू आवृत्तीत बेयोनेटा २०१६ मध्ये अशीच विकत आली, आणि २०१८ च्या ईव्हो फायनलला दोन्हीकडे बेयोनेटाच! प्रेक्षकांनी चक्क हुर्यो उडवली.

पण थांबा. १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बोमधला अकुमा विकतचा नव्हता, नुसता लपवलेला होता. तरी तो इतका भारी होता की स्पर्धांमध्ये त्याच्यावर बंदी आली. म्हणजे ताकद आणि किंमत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताकद पॅच टाकून दुरुस्त करता येते. तेवढंच असतं तर भांडण कधीच मिटलं असतं.

खरी मेख वेगळीच आहे. ती समजायला थोडं इंजिनिअरिंग करू. टेकन सेकंदाला ६० फ्रेम चालतो. समजा, मी तुमचा फटका अडवला आणि सावरायला तुम्हाला माझ्यापेक्षा १० फ्रेम उशीर लागला. बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद ठोसा १० फ्रेमचा असतो, म्हणजे तो तुम्हाला हमखास बसणार. उशीर ९ फ्रेमचाच असेल तर नाही. १० फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. एवढ्यात बघून विचार करता येत नाही, आधीपासून माहीत असावं लागतं. आणि माहीत होतं सरावाने.

गंमत इथेच आहे. जे पात्र तुम्ही विकत घेतलेलं नाही, ते टेकन ७ च्या सरावात समोर उभंच करता येत नाही. म्हणजे लीरॉय खेळायचा नसला, नुसता त्याच्याकडून मार खायचा नसला, तरी पैसे मोजा! फ्रेमचे आकडे पडद्यावर दाखवायची सोयसुद्धा २०१९ मध्ये वेगळी विकली गेली. पार्टनर म्हणाला ते शब्दशः खरं होतं. स्पर्धेच्या पीसीवर लीरॉय दोघांनाही निवडता येत होता, मॅच समान होती. तयारी समान नव्हती.

कॅरममध्ये बघा. स्वतःचा आवडता स्ट्रायकर आणायला कुणी ना म्हणत नाही, पण त्याचं वजन १५ ग्रॅमच्या वर चालत नाही. आणि मुख्य म्हणजे समोरच्याचा स्ट्रायकर कसा चालतो हे बोर्डावर सगळ्यांना दिसतं.

दुसरे मार्ग आहेत. डोटा २ मध्ये सगळे हीरो सगळ्यांना फुकट, पैसे फक्त कपडे-दागिन्यांचे. लीग ऑफ लेजेंड्समध्ये पात्रं खेळून किंवा पैसे देऊन मिळवावी लागतात, पण मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत खेळाडूंना सगळी पात्रं उघडी असलेलं खातं देतात.

तर माझं मत असं: पात्र विकणं अन्याय नाही, ते समजून घेण्याचा सराव विकणं अन्याय आहे. कंपनीला आपण बदलू शकत नाही, पण कॉमन रूमला बदलू शकतो. म्हणून यंदाचे नियम:

१. स्पर्धेच्या पीसीवर सगळी पात्रं असतील, खर्च प्रवेश फीमधून.
२. तो पीसी महिनाभर आधीपासून रोज रात्री जेवणानंतर सरावाला सगळ्यांसाठी खुला. (रेक्टर सर, अकरापर्यंत परवानगी द्या, प्लीज!)
३. जे पात्र बाजारात येऊन महिना झाला नाही, ते स्पर्धेत चालणार नाही.

मेसचं बिल भरून महिनाअखेर खिशात काय उरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. हरायचं तर हाताने हरू, खिशाने नको. पार्टनरने पहिलं नाव नोंदवलंय. लीरॉयवाल्या भावा, तूही ये. या वेळी तो तयारीत असेल!