गाळ्यांची दोनशे वर्षे

मॉलमधला ‘टेनंट कोऑर्डिनेटर’ करतो ते काम साताऱ्या-सांगलीला नवे नाही. कोणत्या दुकानाला कोणती जागा द्यायची, शेजारी कोण बसवायचा, भाडे कसे ठरवायचे, रस्त्यावर माल किती मांडू द्यायचा, हे पूर्वी संस्थानिक ठरवत, मग वाड्यांचे मालक, पुढे नगरपालिका. पद नव्हते, जबाबदारी मात्र होती.

1801 मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली राजधानी झाली. राजधानीला व्यापारी हवेत. गणपती पेठ, सराफ कट्टा, हरभट रोड असा एकेका व्यवसायाचा शेजार इथे जमत गेला. गाडगीळ सराफांची पेढी 1832 मध्ये सांगलीतच सुरू झाली; पुण्यात ती आली 1958 मध्ये. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वाढलेल्या शहराच्या पेठांना वारांची नावे मिळाली, आणि राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे जाणारा राजपथ आजही खरेदीचा मुख्य रस्ता आहे. सराफाशेजारी सराफ आणि कापडवाल्याशेजारी कापडवाला बसला की गिऱ्हाईक त्या गल्लीत येतेच. मॉलची मांडणी करणाऱ्याला हे गणित नव्याने शिकावे लागत नाही.

खरा पेच आला तो भाड्यात. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला हलवणे जवळपास अशक्य झाले. मग पागडी आली. मालक एकरकमी पैसा घेई, दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाडे भरी. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जागेत असलेल्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ परवानाधारकांनाही कायद्याने भाडेकरू ठरवले. त्याचा धडा मालकांनी असा घेतला, की गाळा एकदा दिला तर तो गेलाच. त्यापेक्षा कुलूप बरे. जुन्या पेठांतली कित्येक पडकी दर्शनी दुकाने या भीतीची आणि गोठलेल्या भाड्याची साक्ष आहेत. महिना दीडशे रुपये भाड्यात कोण छप्पर शाकारणार?

31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे बजावले, आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना, तसेच बँकांना, भाडेकरूच्या संरक्षणातून वगळले. हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे. मुदत संपली की कंपनीकडून जागा परत मिळणार, म्हणून मालक मोठ्या ब्रँडला निर्धास्तपणे गाळा देऊ लागले. स्थानिक दुकानदार त्या भाड्याशी झुंजू शकला नाही. छोट्या शहरांच्या बाजारपेठेचा चेहरा बदलण्यात मॉलइतकाच या कलमाचा हात आहे, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

आता कोऑर्डिनेटरच्या फाइलीत चटई क्षेत्र, वीजभार, पाटीची उंची, अग्निशमन दाखला, सामायिक देखभाल खर्च असे कागद असतात. सांगलीत त्यात आणखी एका आकड्याची भर पडते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ बुडाली. 2005 च्या पुराचा अनुभव होता, तरी एवढे पाणी कुणाच्या कल्पनेत नव्हते. 2021 मध्ये ते पुन्हा चढले.

त्या वर्षांनी या रस्त्यांवरच्या गाळ्यांची किंमत वेगळ्या पद्धतीने मोजायला शिकवले. पोटमाळा आहे का, जिना किती रुंद, कापडाचे गठ्ठे एका रात्रीत वर चढतील का, मीटर किती उंच बसवला आहे? फर्निचर प्लायवूडचे असेल तर ते फुगून जाते, म्हणून खालच्या कप्प्यांना लोखंडी रॅक हवे. भाडे ठरवायला आलेला नवा गाळेधारक आधी भिंतीशी जातो, रंगाखालचा ओलीचा डाग बोटाने चाचपतो आणि मालकाला विचारतो, “एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?”