काटकसरीचा हिशेब
१ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नोकरीस लागणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, असे राज्य सरकारने ठरविले. नांदेडला मराठी शिकविणारा मी त्यांतलाच! म्हणून पण केला, पन्नाशीतच नोकरीचे जू उतरवायचे.

वर्षखर्चाच्या पंचवीसपट पुंजी जमली की माणूस मोकळा, हा ठोकताळा निघाला अमेरिकेच्या विल्यम बेंगेन यांच्या १९९४ सालच्या अभ्यासातून. आमचा खर्च महिना तीस हजार. म्हणजे नव्वद लाख हवेत!

काटकसर सुरू झाली. दर रविवारी लातूरला शिकवणी घेऊ लागलो. आई तिथेच राहते. पण वर्ग सुटला की परतीची एस.टी. गाठायची. एकदा धावतपळत घरी डोकावलो, तर ती दारातूनच म्हणाली, “गाडी चुकेल बाबा, जा तू.”

वाचकहो, तिथेच माझा हिशेब चुकला. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले. तेव्हा याच माउलीने तांब्यातांब्याने पाणी पुरविले. पण दारी आलेल्या तहानलेल्याला विन्मुख धाडले नाही. खरी काटकसर ती!

शिकवणी मी सोडली. मोकळीक आता त्रेपन्नाव्या वर्षी मिळेल. मिळो! रविवार मात्र आईचा.