बॉयलरच्या पोटातले पाणी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव. १९९१ मध्ये जालन्यातून लोकसभेवर गेलेल्या अंकुशराव टोपे यांचे नाव या गावाला आहे. साखर कारखान्यांत गाळप हंगामाआधी बॉयलरचे अग्निप्रदीपन थाटात होते. पूजा आगीची होते. पण बॉयलर किती बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, खाणार, हे बऱ्याच अंशी त्यातले पाणी ठरवते.

मराठवाड्यातल्या काळ्या कातळातून झिरपलेले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका त्यात मुरलेली असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि बंबाच्या आत धरतो तसा पांढरा थर नळ्यांना आतून धरतो. या थरातून उष्णता पोलादाच्या मानाने फारच कमी जाते. परिणामी इंधन जास्त लागते, नळीचा धातू तापत जातो आणि अखेर ती फुगते किंवा फुटते. म्हणून वरून घालायचे पाणी आधी मृदू करतात. उच्च दाबाच्या बॉयलरसाठी तर ते जवळजवळ पूर्ण क्षारमुक्त करावे लागते, कारण तिथे सिलिका वाफेबरोबर उडून थेट टर्बाइनच्या पात्यांवर बसते.

पण साखर कारखान्याला असे पाणी थोडेच लागते, आणि मला सर्वांत थक्क करते ते हेच. रस आटवणाऱ्या पहिल्या इव्हॅपोरेटरमध्ये वाफ आपली उष्णता रसाला देते आणि तिचे पुन्हा पाणी होते. हे कंडेन्सेट शुद्ध असते, शिवाय कढत. पुरवठ्याचे पाणी सहा अंशांनी गरम मिळाले, तर साधारण एक टक्का इंधन वाचते. म्हणजे तीस अंशांच्या पाण्याऐवजी शंभर अंशांचे कंडेन्सेट मिळाले, की दहा टक्क्यांहून अधिक बचत! उसात वजनाने सुमारे सत्तर टक्के पाणी असते. ते रसाच्या वाफेतून पुढच्या इव्हॅपोरेटरमध्ये गोळा होते आणि कारखान्याच्या इतर कामांना येते. पाण्याला तरसणाऱ्या मुलखात हे भाग्यच.

धोका एकच: साखर. इव्हॅपोरेटरची एखादी नळी गळली, तर रस कंडेन्सेटमध्ये उतरतो. बॉयलरच्या उष्णतेत त्या साखरेची आम्ले होतात, पाण्याला फेस येतो, नळ्यांवर कोळशाचा थर चढतो. म्हणून प्रयोगशाळेत कंडेन्सेटचे नमुने पुन्हा पुन्हा तपासतात. अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकून हळूच तीव्र गंधकाम्ल सोडायचे. जांभळे कडे उमटले, की ते पाणी ताबडतोब बॉयलरपासून तोडायचे.

उरतो ऑक्सिजन. तो पोलादाला खड्डे पाडतो. डीएरेटरमध्ये पाणी सुमारे १०५ अंशांपर्यंत तापवून तो बाहेर काढतात आणि राहिलेला अंश रसायनाने संपवतात. पाण्यात साचत जाणारे क्षार ब्लोडाऊनने सोडून देतात. तेही मोजूनच, कारण त्या पाण्याबरोबर उष्णताही जाते.

हंगाम संपल्यावर बॉयलर उघडला आणि नळ्यांच्या आत पातळ, काळसर, एकसारखा मॅग्नेटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडचा) लेप दिसला, की पाणी चांगले राखले गेले होते असे जाणकार सांगतात. तो लेपच पोलादाचे गंजापासून रक्षण करतो.