सरोवरकाठचा चेरीचा मुलूख : ओल्ड मिशन द्वीपकल्प

अमेरिकेच्या मिशिगन राज्याच्या वायव्य भागात, मिशिगन सरोवराच्या ग्रँड ट्रॅव्हर्स उपसागरात जमिनीची एक चिंचोळी पट्टी उत्तरेकडे शिरलेली आहे. तिची लांबी सुमारे ३० किलोमीटर असून रुंदी काही ठिकाणी दोन किलोमीटरांहूनही कमी भरते. या पट्टीस ओल्ड मिशन द्वीपकल्प असे म्हणतात. दक्षिणेस, जेथे ते मुख्य भूमीस जोडलेले आहे तेथे, ट्रॅव्हर्स सिटी हे शहर वसले आहे. शहर ओलांडून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशास लवकरच चढउतारांच्या टेकड्या, त्यांवरील चेरीच्या रांगा आणि उजव्या-डाव्या दोन्ही हातांना निळे पाणी दिसू लागते. वाटेत मेपलटन, बोवर्स हार्बर व ओल्ड मिशन अशी लहान लहान गावे लागतात. रस्त्याच्या कडेला फळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. पुष्कळदा विक्रेता तेथे नसतो, गिऱ्हाइकाने शेजारच्या पेटीत पैसे टाकून फळे न्यावीत असा रिवाज आहे. उत्तर टोकाशी १८७० साली बांधलेले दीपगृह आहे.

नावामागील इतिहास

या भूमीवर ओडावा व ओजिब्वे हे मूळ रहिवासी मक्याची शेती करीत असत. १८३९ साली पीटर डॉहर्टी या धर्मोपदेशकाने येथे मिशन स्थापन केले. परंतु मूळ रहिवाशांना येथील जमीन स्वतःच्या मालकीची करून घेता येत नव्हती. म्हणून १८५२ साली मिशन उपसागराच्या पश्चिम काठावर, जेथे त्यांना जमीन विकत घेणे शक्य होते तेथे, हलविण्यात आले. मागे राहिले ते 'जुने मिशन' आणि डॉहर्टी यांनी लावलेली चेरीची झाडे. ही झाडे या हवेत उत्तम फळतात असे आढळून आल्यावर पुढे १८९३ च्या सुमारास येथे व्यापारी तत्त्वावर चेरीची लागवड सुरू झाली. या द्वीपकल्पाच्या इतिहासात जमीन कोणाच्या हाती राहावी हा प्रश्न असा आरंभापासूनच आहे.

पाणी पिकाचे रक्षण कसे करते

या अक्षांशावर हिवाळा अतिशय कडक असतो. तरीही येथे नाजूक फळझाडे टिकतात याचे श्रेय सरोवरास आहे. उपसागर काही ठिकाणी १८० मीटरांहून अधिक खोल आहे. एवढे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. वसंत ऋतूत आतील प्रदेशात ऊब आली तरी पाणी गारच असते. त्यावरून येणारा वारा झाडांना लवकर फुलू देत नाही. त्यामुळे कडक थंडीच्या रात्री बहुतांशी टळून गेल्यावर, साधारणतः मे महिन्याच्या मध्यास, फुलोरा येतो. शरद ऋतूत याच्या उलट घडते. उन्हाळाभर साठलेली ऊब पाणी हळूहळू सोडते व थंडी लांबणीवर पडते.

जमिनीचा उतारही तितकाच उपयुक्त ठरतो. थंड हवा जड असते व पाण्याप्रमाणे सखल भागाकडे वाहते. म्हणून बागा टेकड्यांच्या माथ्यावर व उतारावर लावतात. हिमनद्यांनी आणून टाकलेली येथील वाळूमिश्रित माती पाण्याचा निचरा चांगला करते आणि चेरीच्या मुळांना तेच मानवते.

मुख्य पीक आंबट चेरीचे असून तिची 'मॉन्टमोरन्सी' ही जात सर्वाधिक प्रचलित आहे. ही जात स्वतःच्याच परागाने फळते. गोड चेरीच्या बहुतेक जातींना मात्र शेजारी दुसऱ्या जातीची झाडे लागतात. फुलोऱ्याच्या वेळी बागाईतदार मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात. जुलै महिन्यात आंबट चेरीची तोडणी यंत्राने होते. यंत्र खोड धरून झाड हलविते, फळे ताणलेल्या कापडावर पडतात व तेथून थेट थंड पाण्याच्या टाकीत जातात. फळ नासू नये म्हणून ही घाई आवश्यक असते.

मात्र सरोवराचे संरक्षण अमर्याद नाही. २०१२ साली मार्च महिन्यात उन्हाळ्यासारखी ऊब पडली, कळ्या अकाली उमलल्या आणि एप्रिलमधील गोठविणाऱ्या रात्रींनी त्या जाळून टाकल्या. त्या वर्षी मिशिगन राज्यातील आंबट चेरीच्या नेहमीच्या पिकापैकी सुमारे नऊदशांश पीक हातचे गेले. अवेळी पावसाने आंब्याचा मोहर गळालेला पाहणाऱ्या कोकणातील बागाईतदारास या हानीची कल्पना सहज येईल.

हवेहून मोठे संकट

असे एखादे वर्ष सोसता येते. परंतु बाग तोडून तेथे घरे बांधली गेली की ती जमीन पुन्हा शेतीस मिळत नाही. ज्या उतारावर चेरी उत्तम येते, त्याच उतारावरून सरोवराचे दृश्यही उत्तम दिसते. त्यामुळे घरासाठी मिळणारी किंमत शेतीच्या किमतीहून पुष्कळ अधिक होऊ लागली. वृद्ध झालेल्या व कर्ज असलेल्या शेतकऱ्यास हा मोह टाळणे कठीण होते. आणि केवळ शेजाऱ्यांना हिरवी बाग पाहता यावी म्हणून त्याने तो टाळावा, असे म्हणणेही न्याय्य नव्हते.

यावर तेथील टाउनशिपने, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेने, एक मार्ग काढला. १९९४ साली मतदारांनी स्वतःवर जादा मालमत्ता कर बसवून घेण्यास मान्यता दिली. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरांमागे सव्वा डॉलर असा तो कर होता. त्या निधीतून शेतकऱ्यांकडून जमीन नव्हे, तर तिच्यावर घरे बांधण्याचा हक्क विकत घेण्यात येऊ लागला. बांधकामासाठी जमिनीची जी किंमत येईल व शेतीसाठी जी येईल, त्यांतील फरक शेतकऱ्यास मिळतो. जमीन त्याच्याच नावावर राहते. ती त्याला कसता येते, विकता येते, मुलांना देता येते. मात्र बांधकामाचे बंधन कागदोपत्री कायमचे नोंदले जाते व पुढील प्रत्येक मालकास लागू होते. ही योजना चालू ठेवण्याच्या बाजूने मतदारांनी २००२ साली व पुन्हा २०२२ साली कौल दिला.

याने सर्व प्रश्न सुटले असे नाही. १९७४ सालापासून येथे द्राक्षलागवडही वाढली आहे. द्राक्षमद्य तयार करणाऱ्यांना आपल्या आवारात लग्नसमारंभ व संगीताचे कार्यक्रम करावयाचे होते. टाउनशिपच्या नियमांनी त्यांस प्रतिबंध केला होता. हा वाद २०२० साली न्यायालयात गेला. २०२५ साली न्यायालयाने, सुमारे सहा हजार वस्तीच्या या टाउनशिपने उत्पादकांना जवळजवळ पाच कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय दिला. जमीन राखणे आणि जमिनीवर जगणे या दोहोंचा मेळ घालणे किती अवघड आहे, हे यावरून दिसून येईल.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातही पवना, मुळशी यांसारख्या जलाशयांच्या काठी सुटीची घरे उभी राहिली आहेत व शेतजमिनी बिनशेती होत आहेत. आपले कायदे व आपली धारणक्षेत्रे निराळी असल्याने तेथील योजना जशीच्या तशी येथे लागू करता येणार नाही. तथापि तीमागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. विशिष्ट माती, विशिष्ट उतार व विशिष्ट वारा यांचा योग जेथे जुळून आला आहे, ती जमीन दुसरीकडे निर्माण करता येत नाही. ती शेतीखाली राहावी अशी सर्वांची इच्छा असेल, तर तिचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. सर्वांनी मिळून तो उचलला पाहिजे. ओल्ड मिशनच्या रहिवाशांनी हे तीन वेळा मत देऊन मान्य केले आहे.