शफल बंद करा, अल्बम लावा!

काळ्या टी-शर्टवर एक प्रिझम. एका बाजूने प्रकाशाचा किरण आत, दुसऱ्या बाजूने इंद्रधनुष्य बाहेर. हा टी-शर्ट तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. एफसी रोडवर, कुलाबा कॉजवेवर, कॉलेजच्या कट्ट्यावर. कदाचित तुमच्याकडेही असेल. आता खरं सांगा, ते चित्र ज्या अल्बमचं आहे तो तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलाय?

नसेल ऐकला तर लाजायचं काही कारण नाही. ग्रुपमधला एखादा ‘रॉकवाला’ सीनियर ‘मग तीन गाणी सांग बघू’ म्हणून पकडेल, या भीतीने गप्पही बसू नका. क्लासिक रॉक ऐकायला कुठली एण्ट्रन्स द्यावी लागत नाही.

मीही तुमच्यातलीच. माझ्या प्लेलिस्टमध्ये अजय-अतुल, के-पॉप आणि रीलवरून उचललेली गाणी एकमेकांना चिकटून बसलेली असतात. म्हणून ठरवलं, चार गाजलेले रॉक अल्बम निवडायचे, शफल बंद करायचं आणि अख्खे ऐकायचे. आधी माहिती वाचायची नाही. ऐकताना मनात येईल ते वहीत लिहायचं, मग शोधायचं.

अख्खा अल्बमच कशाला? तर ही गाणी एलपी रेकॉर्डच्या जमान्यातली. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, मग रेकॉर्ड उलटायची. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, पहिली बाजू कशावर संपवायची हे बॅण्ड विचार करून ठरवायचे. रीलमधले पंधरा सेकंद दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी निवडलेले असतात. अख्खा अल्बम ऐकला की काय आवडलं, काय नाही, हे आपलं आपण ठरवतो. वेळ किती लागतो? या चारपैकी एकही अल्बम पाऊण तासाचा नाही. एका लेक्चरचा मामला.

सोपी सुरुवात : ‘रूमर्स’

फ्लीटवुड मॅकचा हा अल्बम १९७७ चा. यातलं ‘ड्रीम्स’ तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता आहे. २०२० मध्ये स्केटबोर्डवरून ज्यूस पीत चाललेल्या एका माणसाच्या व्हिडिओमुळे ते पुन्हा जगभर वाजलं होतं. माझ्या वहीतली पहिली नोंद : ‘किती गोड! लोणावळ्याला जाताना गाडीत लावण्यासारखं.’

मग माहिती शोधली. हा अल्बम तयार होत असताना स्टीव्ही निक्स आणि लिंडसे बकिंगहॅम यांचं ब्रेकअप चाललेलं होतं. ख्रिस्टीन आणि जॉन मॅकव्ही या नवरा-बायकोचा घटस्फोट होत होता. आणि हे सगळे एकाच बॅण्डमध्ये! ‘ड्रीम्स’ तिने लिहिलं, ‘गो युअर ओन वे’ त्याने. दोन्ही गाणी एकमेकांबद्दलची, एकाच रेकॉर्डच्या एकाच बाजूला. वर त्याच्या गाण्यात मागे तिचाही आवाज आहे. आपण ब्रेकअपनंतर अनफॉलो करून मोकळे होतो. यांना दुसऱ्या दिवशी त्याच स्टुडिओत जाऊन एकत्र सूर लावायचे होते.

हे कळल्यावर अल्बम पुन्हा लावला. गोडवा तसाच होता, पण आता तो टोचत होता. दुसऱ्या बाजूची सुरुवात ‘द चेन’ने होते. अल्बममधलं हे एकच गाणं पाचही जणांच्या नावावर आहे. त्यातला शेवटाकडचा बास चुकवू नका.

प्रिझमवाला : ‘द डार्क साइड ऑफ द मून’

पिंक फ्लॉइड, १९७३. सुरुवातीला काही ऐकूच येत नाही. मी आवाज वाढवला, तर हृदयाचे ठोके. हा अल्बम हेडफोनवरच ऐका, पण ‘टाइम’ सुरू व्हायच्या आधी आवाज थोडा कमी करा. तिथे एकदम खूप घड्याळांचे गजर वाजतात. रात्री ऐकत असाल तर दचकायला होतं.

‘टाइम’बद्दल वहीत मी फक्त एक शब्द लिहिलाय : ‘बापरे’. आज नाही उद्या करू म्हणता म्हणता वर्षं निघून जातात, असं सांगणारं हे गाणं रॉजर वॉटर्सने लिहिलं तेव्हा त्याची तिशीही झाली नव्हती. सबमिशनच्या आदल्या रात्री हे गाणं जरा जास्तच लागतं.

त्यानंतरच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये गायलेला एकही शब्द नाही. क्लेअर टॉरी ही गायिका नुसत्या आवाजावर गाणं पेलते. आलाप म्हणावा तर आलाप नाही, रडणं म्हणावं तर रडणंही नाही. या गाण्याच्या निर्मितीतला आपला वाटा मान्य व्हावा म्हणून पुढे ती कोर्टात गेली आणि २००५ मध्ये समझोता होऊन सहगीतकार म्हणून तिचं नाव लागलं. मूळ अल्बमनंतर तब्बल बत्तीस वर्षांनी.

‘मनी’ हे गाणं नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजावर सुरू होतं. त्यावर मान डोलवायला गेले तर ठेका चुकायला लागला. मोजलं तर सात मात्रा! तबला शिकलेल्यांना रूपक आठवेल. वजन तसंच नाही, पण हिशोब सातचाच. गिटारच्या सोलोला गाणं चार मात्रांवर येतं आणि मान आपोआप डोलायला लागते. आणि हो, ‘ऑन द रन’मध्ये मला कंटाळा आला. तेही वहीत लिहिलंय.

पाचगणी कनेक्शन : ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’

क्वीनचा हा १९७५ चा अल्बम म्हणजे कॉलेजचं गॅदरिंग. प्रत्येक गाणं वेगळा आयटम. एकात तोंडाने वाद्यांचे आवाज काढलेत, एक गाणं चक्क स्वतःच्या गाडीवर. ‘थर्टी नाइन’ ऐकायला लोकगीतासारखं वाटतं, पण गोष्ट अंतराळप्रवाशांची. ते वर्षभराने परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं होऊन गेलेली असतात. हे लिहिणारा गिटारिस्ट ब्रायन मे याने पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएचडी केली. अर्धवट सोडलेलं शिक्षण पूर्ण करू पाहणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारुख बलसारा. पारशी घरातला, जन्म झांझिबारचा आणि शाळा आपल्या पाचगणीची. पहिला बॅण्डही त्याने तिथल्या बोर्डिंगमध्येच केला होता.

‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ तुम्हाला माहितीच असणार. जवळपास सहा मिनिटांचं, धृवपद नसलेलं, मध्येच ऑपेरा होणारं. सुटं ऐकलं की ते विचित्र वाटतं. अल्बममध्ये ते अकरावं येतं. आधीची दहा गाणी ऐकून तिथे पोचलात की मुळीच विचित्र वाटत नाही. तोवर या घरात काहीही चालतं, हे आपल्याला कळलेलं असतं.

नावच नाही : लेड झेपलिनचा चौथा

१९७१ च्या या अल्बमच्या कव्हरवर ना बॅण्डचं नाव, ना अल्बमचं. पाठीवर मोळी घेतलेला एक म्हातारा, बस्स. लोक त्याला ‘लेड झेपलिन फोर’ म्हणतात. माझी पहिली नोंद : ‘हा एवढा का ओरडतोय?’ पहिली दोन गाणी मला जडच गेली.

‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये ड्रम्स यायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात आपली आठ-दहा रील्स होतात. पण थांबलात तर ड्रम्स आल्यावर अंगावर काटा येतो. तो काटा त्या चार मिनिटांच्या वाट पाहण्याचाच आहे. थेट तिथे उडी मारून बघा, येत नाही.

शेवटचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ मूळचं १९२९ मधलं ब्लूज गाणं, मिसिसिपीच्या महापुरावरचं. त्याचे ड्रम्स एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये वाजवले आणि माईक वर जिन्यात टांगले होते. म्हणून ते असे घुमतात. आणखी एक गंमत म्हणजे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लाण्ट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर याच अल्बममधलं ‘फोर स्टिक्स’ रेकॉर्ड केलं होतं. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे २०१५ मध्ये आलं.

तर या वीकेण्डला काय कराल? यातला एक अल्बम निवडा, चारही एकदम नकोत. अ‍ॅपवर ‘डिलक्स’ आवृत्ती दिसली तर मूळ गाण्यांपाशी थांबा, पुढची नंतर जोडलेली असतात. फुकटच्या अ‍ॅपवर मध्येच जाहिरात टपकते, म्हणून कुणाकडे सीडी किंवा रेकॉर्ड असेल तर मागून आणा. फोन उलटा ठेवा. ऐकून होईपर्यंत काही सर्च करू नका. आणि नाही आवडला, तर ‘नाही आवडला’ असं बिनधास्त म्हणा. फक्त कितव्या गाण्यापाशी आणि का, एवढं सांगता आलं पाहिजे. मग तो सीनियरही तुमच्याशी वाद घालायला बसेल, आणि तो वाद मजेचा असेल.