असाइनमेंट ठरण्याआधी

‘पर्यावरणावर काहीतरी हवंय.’ कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलाशी येणारे बरेच प्रश्न असे ढगळ असतात. ग्रंथपाल चार पुस्तके काढून देतात, विद्यार्थी त्यातली दोन नेतो आणि निबंध कसाबसा पुरा होतो. पण प्रश्न ढगळ झाला तो आधीच, वर्गात, शिक्षकांनी काम नेमून दिले तेव्हा. मग ग्रंथपालाने तिथेच का असू नये? इव्हान फार्बर यांनी या एका विचारावर बत्तीस वर्षे काम केले.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ओहायोच्या सीमेलगतच्या रिचमंड गावी अर्लहॅम कॉलेज आहे. क्वेकर पंथीयांनी ते १८४७ मध्ये सुरू केले. फार्बर १९६२ मध्ये तिथे ग्रंथालयप्रमुख म्हणून आले आणि १९९४ पर्यंत राहिले. त्याआधी ते एमरी विद्यापीठात नियतकालिकांचा विभाग सांभाळत होते. कॉलेज लहान, सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारणारे, निर्णय मतदानाने न घेता सहमतीने घेणारे. प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन ‘या टर्मला काय लिहायला देणार आहात?’ असे विचारायला ग्रंथपालाला तिथे संकोच वाटू नये, असेच ते वातावरण.

एकेका विषयाची जबाबदारी एकेका ग्रंथपालाकडे देण्याची पद्धत मोठ्या विद्यापीठांत होतीच. त्या विषयाची पुस्तके निवडायची, त्या विभागाशी संबंध ठेवायचे. त्यांनाच पुढे विषय-ग्रंथपाल किंवा संपर्क ग्रंथपाल म्हणू लागले. अर्लहॅमने या संबंधांचा सगळा भर शिकवण्यावर दिला. छोटी कॉलेजे विद्यापीठांची नक्कल करतात आणि पुस्तकांच्या संख्येवर स्वतःला जोखतात, हे फार्बर यांना रोगच वाटे. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर एक गाजलेला लेखही लिहिला.

काम चाले ते असे. टर्म सुरू होण्याआधी शिक्षक आणि ग्रंथपाल असाइनमेंट मिळून पाहत. विषय फार पसरट आहे का, त्यावरचे साहित्य ग्रंथालयात आहे का, विद्यार्थी कुठे अडेल, हे आधीच बोलून घेत. मग ग्रंथपाल त्याच असाइनमेंटसाठी टिपणांसह संदर्भसूची तयार करत आणि वर्गात जात, तेही विद्यार्थ्यांच्या हातात काम पडल्यावरच. गरज नसताना शिकवलेले कुणाच्या लक्षात राहते? पहिल्या वर्षाला साधी साधने, वरच्या वर्गांना विषयातली अवघड साधने, अशी पायरीपायरीने वाढ असे.

या सगळ्यात रमावे असा कोपरा जीवशास्त्राचा. थॉमस कर्क हे तिथले विज्ञान ग्रंथपाल. त्या काळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर ‘बायॉलॉजिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’चे जाडजूड खंड असत आणि १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ही. हे दुसरे साधन विलक्षण होते. कीटकनाशकांमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होतात का, हा प्रश्न घ्या. डेरेक रॅटक्लिफ यांचा १९६७ चा ‘नेचर’मधला लेख हाती लागला, की त्यातल्या संदर्भांवरून मागे जाता येते, हे कुणीही सांगेल. पण सायटेशन इंडेक्समध्ये रॅटक्लिफ यांचे नाव काढले, की त्यांच्या लेखाचा आधार पुढे कुणी कुणी घेतला ते दिसते आणि शोध काळात पुढे सरकतो. बारीक टाइपातले ते रकाने पाहून नवखा माणूस गांगरणारच. शेजारी बसून एकदा करून दाखवणारा कुणी असेल, तर मात्र तोच विद्यार्थी तासाभरात तीन नवे लेख शोधून काढतो. हे करून दाखवणे हीच विषय-ग्रंथपालाची खरी कारागिरी, आणि तिची पुरेशी कदर झालेली नाही.

ती मोजायची कशी, हीही अडचण आहेच. कर्क यांनी प्रास्ताविक जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या: व्याख्यान-प्रात्यक्षिक आणि स्वतः सोडवायचा मार्गदर्शित स्वाध्याय. फारसा फरक आढळला नाही. १९७१ मध्ये त्यांनी तसे प्रामाणिकपणे छापले. पैसे मागायला जाणाऱ्या ग्रंथपालाला असा निष्कर्ष कितपत उपयोगी पडणार?

त्याहून मोठा धोका या पद्धतीच्या मुळाशीच आहे. ती माणसांच्या ओळखीवर चालते. दहा वर्षे सोबत काम केलेले प्राध्यापक निवृत्त झाले, की नव्या माणसाशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात एकाच ग्रंथपालाकडे पाच-सहा विभाग येतात. इतिहास शिकलेल्याने रसायनशास्त्रही सांभाळायचे. नियतकालिके आता प्रकाशकांकडून गठ्ठ्याने घेतली जातात, त्यामुळे विषयवार निवडीचे कामही आटले.

मँचेस्टर विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास विषयवार रचना मोडून कामांनुसार गट केले: अध्यापनाचा वेगळा, संशोधन-साहाय्याचा वेगळा. संशोधनाचा डेटा, लेखांचे मुक्त प्रकाशन, कॉपीराइट यांसाठी विशेष जाण लागते आणि एका माणसाला ते सगळे झेपत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण मग भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने नेमके कुणाला गाठायचे?

आता विद्यार्थी चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी घेऊन ग्रंथालयात येतात. लेखक खरा, नियतकालिक खरे, लेख मात्र कुठेच नाही. तो नाही, याची खात्री करण्यात ग्रंथपालाचा वेळ जातो. अशी यादी ज्या असाइनमेंटमधून येते, ती नेमून देण्यापूर्वी विषय जाणणाऱ्या ग्रंथपालाच्या नजरेखालून गेली, तर तीत दोन अटी घालता येतील: प्रत्येक लेख उघडून पाहा आणि तो कुठल्या साधनातून सापडला ते लिहा. त्यासाठी प्राध्यापकाचे दार ठोठावणारा माणूस पगारावर असावा लागतो, आणि खर्चकपातीत कॉलेजे आधी कात्री लावतात ती याच जागांना.